मरणाच्या दाराशी सरकार

तू बिश्वातच्या सुमारास आमच्या ओळखीच्या एका घरी मलिद्याचा कार्यक्रम होता. नातवाला नोकरी लागली म्हणून नवस फेडायचा होता. एलियाहू हन्नबीचे नाव घेऊन प्रार्थना झाली, पोहे-खोबऱ्याचा मलिदा वाटला गेला, आणि चहाचे कप हातात आल्यावर बोलणे वळले ते न्यूयॉर्कच्या नव्या विधेयकाकडे. मरणाच्या पंथाला लागलेल्या रोग्याने मागितले तर डॉक्टरांनी त्याला जीवन संपवणारे औषध लिहून द्यावे की नाही, असा तो विषय. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी हे विधेयक २०२५ साली संमत केले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात गव्हर्नर कॅथी होकल यांनी काही दुरुस्त्यांच्या अटीवर सही करण्याचे मान्य केले.

विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "जन्माला येताना सरकारला विचारलं नव्हतं, जाताना कशाला विचारायचं?" सगळे हसले. त्यांची बायको लगेच म्हणाली, "आणि उद्या सरकारच म्हणालं, म्हातारे झालात, घ्या ही गोळी, तर?" त्यावरही सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाचे म्हणणे असे की सरकार मधे येते, आणि दुसरीची भीती अशी की सरकार मधे नसले तर आपल्याला कोण वाचवणार. दोघांनाही होकार देणारी माणसे मात्र तीच.

मी काही बोलले नाही. या विषयावर माझ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण ते मलिद्याच्या ताटाशी सांगण्यासारखे नव्हते. म्हणून येथे लिहिते.

आमचे थोरले दीर अविवाहित होते. मुंबईतली नोकरी संपल्यावर ते आमच्याकडे न्यूयॉर्कला आले आणि अठरा वर्षे आमच्याच घरात राहिले. बोलण्याची त्यांना भारी हौस. आजोबांचा तेलाचा घाणा, भायखळ्याची चाळ, १९७१ साली वाडेकरांच्या संघाने इंग्रजांना ओव्हलवर हरवले तो दिवस, नारळाच्या दुधातल्या मटणाला कोणता मसाला चालतो आणि कोणता मुळीच चालत नाही, या सगळ्यांवर भावोजींची मते ठाम होती आणि ती आम्हाला पाठ होती. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका पहाटे त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. रुग्णवाहिका आली, घशात नळी घातली गेली, श्वासाचे यंत्र लागले. ते सारे पंधरा मिनिटांत झाले. त्यावेळी कोणाला काही विचारण्याची वेळच नव्हती.

बाराव्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवले. शुद्ध परत येण्याची आशा नाही, असे दोन डॉक्टरांचे मत पडले होते. घशातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. पुढे जायचे तर गळ्याला भोक पाडून तेथून श्वास द्यावा लागेल आणि पोटात नळी घालून अन्न द्यावे लागेल. मग त्या बाईंनी एक साधा प्रश्न विचारला. अशा अवस्थेत आपले काय करावे, याविषयी ते कधी काही बोलले होते का?

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. अठरा वर्षांत हजारो गोष्टी बोललेल्या माणसाला ही एक गोष्ट आम्ही कधी विचारली नव्हती. एकदाच विषय निघाल्याचे आठवते. दूरदर्शनवर काहीतरी चालले होते आणि भावोजी म्हणाले, "मला बाबा असं—" आणि मीच त्यांना थांबवले. "जेवताना अभद्र बोलू नका," म्हणाले. पुढचे वाक्य काय होते, ते मला आता कोणी सांगू शकत नाही.

न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे ज्याने कोणाची नेमणूक केलेली नाही त्याच्यासाठी निर्णय कोणी घ्यायचा याचा क्रम ठरलेला आहे. आधी न्यायालयाने नेमलेला पालक, मग पती किंवा पत्नी, मग सज्ञान मुले, मग आईवडील, मग भावंडे. भावोजींच्या बाबतीत गाडी थेट भावंडांवर आली. आणि भावंडे दोन. आमचे हे, आणि अश्दोदला राहणाऱ्या आमच्या वन्सं. कायद्याने दोघांचा हक्क सारखा.

वन्संनी फोनवर स्पष्ट सांगितले, "यंत्र लावायच्या आधी विचार करायचा होता. लावलेलं यंत्र काढायचं नाही. ते खून करण्यासारखं आहे." त्यांनी तिकडच्या रब्बींना विचारले होते, आणि त्यांची नात तिकडे इस्पितळात परिचारिका आहे तिनेही तेच सांगितले होते. यांचे म्हणणे असे, की न लावणे आणि काढणे यात फरक काय? ज्या यंत्राचा उपयोग नाही ते काढले तर दादा आपल्या आजाराने जाईल. डॉक्टर तसे सांगतात, कायदा तसे सांगतो.

रुग्णालयाची एक नैतिक समिती असते. मत जुळत नाही तेव्हा प्रकरण तिच्यापुढे जाते. तेथे दोन दिवस बोलणी झाली, फोनवर वन्सं, आणि दुभाषा म्हणून मी. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भाषांतरे केली, शाळेत मुलांकडून करवून घेतली, पण तसले भाषांतर पुन्हा माझ्या वाट्याला न येवो. शेवटी गळ्याची शस्त्रक्रिया करायची नाही असे ठरले. नळी काढली. भावोजी सहा तासांनी गेले. हे त्यांच्या कानाशी शेमा म्हणत होते. वन्संनी तिकडे सात दिवस पाळले, आम्ही इकडे पाळले. आमच्याशी त्या तेव्हापासून बोललेल्या नाहीत. नव्याच्या सणाला फोन येतो तो आमच्या मुलीला येतो.

त्यानंतर मी जे वाचायला घेतले ते स्वतःला दोषी ठरवण्यासाठी की सोडवण्यासाठी, हे मला अजून सांगता यायचे नाही. शिक्षकाला सवयच असते, काही समजले नाही की ग्रंथालयात जायचे.

वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इस्राएलमध्ये मरणासन्न रोग्यांविषयी २००५ साली कायदा झाला. त्यासाठी प्राध्यापक अव्राहाम स्टाइनबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली ५९ जणांची समिती बसली होती. त्यांत डॉक्टर होते, कायदेपंडित होते, धर्मशास्त्राचे जाणकारही होते. त्या कायद्याने उपचारांचे दोन भाग केले. जो उपचार थांबून थांबून द्यायचा असतो, तो रोग्याची इच्छा असेल तर पुढच्या वेळी न दिला तरी चालतो. जो अखंड चालतो, म्हणजे श्वासाचे यंत्र, तो मधेच बंद करता येत नाही. पण मग रोगी त्या यंत्रात कायमचा अडकतो. त्यावर तोड अशी काढली की यंत्राला घड्याळ लावावे. घड्याळ ठरलेल्या वेळी थांबेल, आणि त्यावेळी पुन्हा प्रश्न येईल की यंत्र सुरू करायचे का. शब्बाथला आपले दिवे आपोआप मालवणारे घड्याळ आपण लावतो, त्याच जातीची ही कल्पना. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हसले. नंतर वाटले, यात हसण्यासारखे काय आहे? माणसाने दुसऱ्या माणसाचा श्वास स्वतःच्या हाताने थांबवू नये, आणि तरीही कोणाला मरणापासून उगाच अडवून धरू नये, या दोन्ही गोष्टी ज्याला सोडायच्या नाहीत त्याने घड्याळ नाही लावायचे तर काय करायचे?

इकडे अमेरिकेत न्यायालयांनी दुसरी वाट धरली. उपचार सुरू न करणे आणि सुरू केलेला थांबवणे, कायद्याच्या नजरेत दोन्ही एकच.

म्हणजे त्या छोट्या खोलीत काय चालले होते? एका आईच्या पोटची, एका चाळीत वाढलेली, एकाच ताटात जेवलेली दोन भावंडे. दोघांनाही वाटत होते की आपण आपल्या अंतःकरणातले बोलतो आहोत, आपल्या धर्माचे बोलतो आहोत. आणि दोघेही नकळत आपापल्या सरकारचा कायदा बोलत होती. एक अश्दोदला गेली, एक न्यूयॉर्कला आला. चाळीस वर्षांत दोन देशांनी दोघांची मने आपापल्या पद्धतीने घडवली. दोघांनी स्थलांतर उलट दिशांनी केले असते, तर ते भांडण तसेच्या तसे झाले असते, फक्त बाजू बदलल्या असत्या. असे मला खात्रीने वाटते. आपण म्हणतो, सरकारने दाराबाहेर राहावे. पण सरकार केव्हाच आत येऊन आपल्या मनात बसलेले असते, आणि आपण त्यालाच आपली सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. तिसरा आवाज भावोजींचा. तो त्या खोलीत नव्हता.

हा तिसरा आवाज नसला म्हणजे काय होते, याचे धडे याच राज्यात पूर्वी झालेले आहेत. त्यातला एक मला फार जवळचा वाटतो, कारण तो एका शिक्षकाचा आहे.

लाँग आयलंडवर मिनिओला येथे चॅमिनाड हायस्कूल नावाची कॅथलिक शाळा आहे. तेथे ब्रदर जोसेफ फॉक्स नावाचे एक व्रतस्थ गृहस्थ राहत. १९७९ साली, वयाच्या ८३व्या वर्षी, फुलझाडांच्या कुंड्या हलवताना त्यांना अंतर्गळ झाला. शस्त्रक्रियेत हृदय थांबले, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि ते यंत्रावर राहिले. त्यांच्या संस्थेचे फादर आयकनर यांनी यंत्र काढण्याची परवानगी मागितली. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने विरोध केला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३१ मार्च १९८१ रोजी निकाल लागला की यंत्र काढण्यास हरकत नाही. ब्रदर फॉक्स त्याआधीच, जानेवारी १९८० मध्ये, यंत्रावर असतानाच वारले होते.

न्यायालयाने परवानगी दिली ती कशाच्या आधारावर? १९७५ साली न्यू जर्सीत कॅरेन ॲन क्विनलन नावाची २१ वर्षांची मुलगी बेशुद्ध झाली होती, आणि तिच्या आईवडिलांना यंत्र काढण्यासाठी न्यायालयात जावे लागले होते. १९७६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. (यंत्र काढल्यावर ती स्वतःच्या श्वासावर आणखी नऊ वर्षे जगली, हेही लक्षात ठेवावे. यंत्र काढणे म्हणजे मारणे, असे म्हणणाऱ्यांनी विशेषतः.) त्या खटल्याची चर्चा चॅमिनाडमध्ये शिकवण्याचा भाग म्हणून झाली होती, आणि ब्रदर फॉक्स यांनी तेव्हा निक्षून सांगितले होते की माझ्यावर ती पाळी आली तर मला असे ठेवू नका. न्यायाधीशांनी ते बोलणे गप्पांतले म्हणून सोडून न देता गंभीरपणे केलेले कथन म्हणून धरले. एका म्हाताऱ्या शिक्षकाने शाळेत विषय टाळला नाही, एवढ्यावर त्याची सुटका झाली.

त्याच निकालात दुसरे एक प्रकरण होते. जॉन स्टोरार, वय ५२, पण बुद्धी दीड वर्षाच्या मुलाएवढी. मूत्राशयाचा कर्करोग. ७७ वर्षांची आई म्हणत होती, रक्त चढवू नका, तो घाबरतो, त्याला त्रास होतो. न्यायालय म्हणाले, त्याची स्वतःची इच्छा कधी असूच शकली नाही, तेव्हा आईला त्याच्या वतीने नाही म्हणता येणार नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. आईपेक्षा त्याच्या मनातले जास्त कोणाला कळत होते? पण उलट बाजूही दिसते. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या मरणाचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा ही वाट सरकारला धोक्याची वाटली, तर ते अगदीच खोटे नाही. दुर्बळ माणसांना ओझे ठरवून संपवणारे एक सरकार विसाव्या शतकात होऊन गेले. आपण यहुदी लोकांनी तरी ते विसरू नये.

पण १९८८ सालच्या निकालाला मी काही केल्या माफ करू शकत नाही. मेरी ओ'कॉनर, वय ७७. स्वतः इस्पितळात काम केलेल्या. पक्षाघाताने त्यांना गिळता येईना. दोन्ही मुली परिचारिका. त्यांनी शपथेवर सांगितले की आई वर्षानुवर्षे म्हणत आली, मला कृत्रिम उपायांनी जगवू नका, मला कोणाचे ओझे व्हायचे नाही. न्यायालय म्हणाले, हे पुरेसे स्पष्ट नाही, नळी घाला. कोणती आई मुलींसमोर वकिलासारखी बोलते? कोणती आई स्वयंपाक करता करता पोटमार्गे द्यावयाच्या पोषणाविषयी कलमवार निवेदन करते? जेवढे तिच्या भाषेत सांगता येत होते तेवढे तिने सांगितले होते. सरकारला तिची भाषा आली नाही.

या एका निकालामुळे न्यूयॉर्कमध्ये पुढे वीस-बावीस वर्षे घराघरांत काय झाले असेल! हेल्थ केअर प्रॉक्सीचा कायदा १९९० साली झाला, त्यामुळे आपल्या वतीने बोलणारा माणूस आधीच नेमून ठेवता येऊ लागला. पण ज्यांनी कोणाला नेमले नव्हते त्यांच्या घरच्यांना निर्णयाचा हक्क देणारा कायदा व्हायला २०१० साल उजाडले. विधेयक १९९३ पासून विधिमंडळात पडून होते. सतरा वर्षे! दहावी नापास विद्यार्थ्यालाही आम्ही एवढा वेळ देत नव्हतो.

मिसूरीतील नॅन्सी क्रूझनचे प्रकरण साऱ्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथेही १९९० साली तेच झाले. नको असलेला उपचार नाकारण्याचा हक्क मान्य, पण तिची तशी इच्छा होती याचा स्पष्ट पुरावा राज्य मागू शकते. मग तिच्या ओळखीच्या माणसांनी पुढे येऊन तिचे बोलणे सांगितले, आणि त्या डिसेंबरात ती सुटली.

फ्लोरिडातील टेरी शायवोचा गाजावाजा आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. २६व्या वर्षी, १९९० साली, ती कोसळली. नवरा म्हणे तिला असे जगायचे नव्हते, आईवडील म्हणत तिला जगवा. कागद नव्हता. न्यायालयांनी साक्षी ऐकून नवऱ्याचे म्हणणे मान्य केले. तेव्हा २००३ साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने एकट्या त्या बाईसाठी कायदा करून गव्हर्नर जेब बुश यांना नळी परत घालण्याचा अधिकार दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुढच्या वर्षी रद्द केला. मार्च २००५ मध्ये देशाची काँग्रेस रविवारी बसली, आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश टेक्सासहून विमानाने येऊन मध्यरात्रीनंतर सही करते झाले. तरीही न्यायालये बधली नाहीत, आणि ३१ मार्चला ती गेली. (क्विनलनचा निकाल, ब्रदर फॉक्स यांचा निकाल आणि हा मृत्यू, तिन्हींची तारीख ३१ मार्च. याला काही अर्थ नाही, पण इतिहास शिकवलेल्या माणसाला तारखा दिसल्याशिवाय राहत नाहीत.) सरकारने कोठे येऊ नये याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. साक्षी ऐकून निर्णय झाल्यावर, आपल्याला तो आवडला नाही म्हणून एका आजारी बाईच्या उशाशी अख्खे विधिमंडळ आणून बसवणे, याला काय म्हणावे?

आपल्या मुंबईकडे पाहिले तर अरुणा शानबाग आठवते. नोव्हेंबर १९७३ मध्ये केईएममध्ये तिच्यावर अत्याचार झाला तेव्हा मी शाळेत होते, आणि घरी मोठी माणसे आवाज खाली करून बोलत होती. ती ४२ वर्षे त्याच रुग्णालयात पडून होती. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की तिची माणसे म्हणजे केईएममधले कर्मचारी, आणि त्यांना ती हवी आहे. ज्या परिचारिकांनी इतकी वर्षे तिच्या पाठीला जखम होऊ दिली नाही, त्यांचे म्हणणे सरकारदरबारी रक्ताच्या नात्याइतके धरले गेले. निकाल बरोबर की चूक यावर मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकते. पण कोण बोलणार, या प्रश्नाचे असे उत्तर अमेरिकेत मला कोठे सापडले नाही. त्याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट उच्च न्यायालयाच्या परवानगीने मोकळी केली. २०१८ साली आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता मिळाली, आणि २०२३ साली त्याची किचकट पद्धत सोपी केली गेली. मुंबईत किंवा ठाण्यात ज्यांची माणसे आहेत त्यांनी हे त्यांना कळवावे.

वन्संच्या मनात जो धर्म आहे, त्यावरही मी पुष्कळ वाचले. राब्बी येहुदा हन्नासी, ज्यांनी मिश्ना संकलित केली, त्यांच्या शेवटच्या आजारात शिष्य अखंड प्रार्थना करीत होते आणि त्या प्रार्थनेमुळे प्राण जात नव्हता, अशी तालमूदमध्ये कथा आहे. त्यांची दासी पहिल्यांदा शिष्यांच्या बाजूने होती. मग तिने त्यांचे हाल पाहिले. तिने माडीवर जाऊन एक मडके खाली फेकले. आवाजाने शिष्य क्षणभर थांबले, आणि तेवढ्यात राब्बींचा आत्मा गेला. तालमूद तिला बोल लावीत नाही. सोळाव्या शतकात क्रॅकोचे राब्बी मोशे इसर्लिस यांनी लिहिले, की घराजवळ कोणी लाकडे फोडीत असेल आणि त्या ठोक्यांनी मरणाऱ्याचा जीव अडकत असेल, तर ते ठोके थांबवावेत. ती अडचण दूर करणे झाले, मारणे नव्हे. आता श्वासाचे यंत्र म्हणजे लाकूडतोड्याचे ठोके, की रोग्याचा स्वतःचा श्वास? यावर मोठमोठ्या राब्बींचे एकमत नाही, तर आमच्या घरात कोठून होणार? वन्सं चुकल्या असे मी म्हणत नाही. मडके कोणी फेकायचे हे त्या दासीला कळले, कारण ती रोज त्या आजाऱ्याजवळ होती. अश्दोदहून ते दिसत नव्हते. आणि आम्ही जवळ होतो म्हणून आम्हाला सगळे दिसत होते, असेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांना एक सांगते. तेथे १९९१ साली मृत्यूच्या व्याख्येचा कायदा झाला, त्यात अशी सोय आहे की मेंदू बंद पडला म्हणजे माणूस मेला ही गोष्ट ज्याच्या धर्मश्रद्धेला मान्य नाही, त्याला त्या कारणावरून मृत जाहीर करू नये. सरकारला मागे कसे सरावे हेही कळते, सांगणारे कोणी असेल तर.

राहिला विधेयकाचा विषय, ज्यावरून मलिद्याच्या दिवशी वाद झाला. यात सरकार जास्त पुढे येते, कारण येथे यंत्र काढायचे नसून औषध द्यायचे असते. ऑरेगनमध्ये १९९७ पासून आणि न्यू जर्सीत १ ऑगस्ट २०१९ पासून असा कायदा लागू आहे. न्यू जर्सीत तो लागू होताच एका ऑर्थोडॉक्स ज्यू डॉक्टराने न्यायालयात जाऊन त्याला काही दिवस स्थगिती मिळवली होती. मला या कायद्याची धास्ती वाटते, आणि तिचे कारण धर्मग्रंथात नाही, आमच्या स्वयंपाकघरात आहे. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका दिवसातून दहा वेळा म्हणतात, "मी आता कशाला हवी?" त्याचा अर्थ मरण हवे असा नसतो. त्याचा अर्थ, कोणीतरी म्हणा की तू हवी आहेस, असा असतो. हे वाक्य इंग्रजीत भाषांतर करून डॉक्टरच्या नोंदीत गेले म्हणजे काय होईल, या विचाराने माझी झोप उडते. न्यूयॉर्कच्या विधेयकात मानसिक तपासणीची, पाच दिवस थांबण्याची अट घालण्याचे ठरले, ते मला बरे वाटले. पण कॅथलिक असलेल्या गव्हर्नर बाईंनी स्वतःच्या आईला स्नायू निकामी करणाऱ्या आजारात जाताना पाहिले आहे, आणि त्यांनी ते लिहिले आहे. तसे दुखणे असलेल्या माणसासमोर जाऊन मी माझे स्वयंपाकघरातले तर्कशास्त्र सांगू शकेन का? नाही सांगू शकणार. माझे मत बनलेले नाही, आणि ते बनले असल्याचे सोंग मी करणार नाही.

विमावाल्या गृहस्थांना माझे एवढेच सांगणे, की जन्माला येताना सरकारला विचारले नव्हते हे खरे, पण दाखला घेतलाच ना? मरताना सरकारने माझा निर्णय घेऊ नये. पण मी काय म्हटले होते याची नोंद ठेवावी, तिच्यावर कोणी दुसऱ्याचे अक्षर काढू लागला तर त्याचा हात धरावा, आणि घाई करणाऱ्याला थांबवावे. आणि नोंद ठेवायची तर आधी कोणी बोलायला हवे, कोणी विचारायला हवे.

म्हणून मागच्या महिन्यात आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर प्रॉक्सीचे फॉर्म घेतले. वकील लागत नाही, नोटरी लागत नाही. मी माझ्या जागी बोलायला मुलीचे नाव लिहिले. ती म्हणाली, "आई, आत्ताच कशाला हे?" मी तिला भावोजींचे ते अर्धे वाक्य सांगितले. ते मी आजवर कोणालाच सांगितले नव्हते, यांनाही नाही. मुलगी काही बोलली नाही, पण फॉर्म तिनेच पुढे ओढला.

त्यात एक गोष्ट आहे जी पुष्कळांना माहीत नसते. नळीतून द्यायच्या अन्नपाण्याविषयी आपली इच्छा काय आहे हे नेमलेल्या माणसाला माहीत असले पाहिजे, नाहीतर त्याला ते नाकारता येत नाही. ओ'कॉनर बाईंच्या मुली ज्या जागी अडल्या, तीच ही जागा. मी तेथे दोन ओळी लिहिल्या. काय लिहिले ते माझ्या मुलीला माहीत आहे, यांना माहीत आहे, आणि मी त्याची एक प्रत वन्संना मराठीत पत्र लिहून पाठवली आहे. उत्तर आलेले नाही. पत्र परतही आलेले नाही.

दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला नेमले तो साक्षीदार चालत नाही. एक सही शेजारणीने केली. दुसरी राहिली आहे. शब्बाथला प्रार्थनेनंतर सगळे भेटतात, पण त्या दिवशी लिहिता येत नाही. तेव्हा रविवारी दुपारी कोणी आमच्याकडे चहाला आले तर बरे होईल. यांचाही फॉर्म तयार आहे, आणि येणाऱ्यांसाठी चार-पाच कोरे फॉर्म मी काढून ठेवले आहेत.